परक्यांना जपणारी भिंत

एप्रिलातल्या त्या गुरुवारी डॉ. यशवंत हुद्दारांनी पुरुष जननसंस्थेवरचं आपलं दरवर्षीचं व्याख्यान दिलं, आणि दरवर्षीसारखीच पहिली पाच मिनिटं हसण्यासाठी राखून ठेवली.

"काहून थांबले बे? हसून घ्या," फळ्याला पाठ टेकून ते म्हणाले. "पाच मिनिटं आहेत. त्यानंतर जो हसेल त्याने इथे येऊन आकृती काढायची."

वर्ग खदखदला आणि आपोआप शांत झाला. शेवटच्या बाकावर केतकी बसली होती. ती त्यांची एकुलती एक मुलगी, त्याच संस्थेच्या पेशी-प्रयोगशाळेत संशोधक. नागपूरच्या उन्हात बाबांनी चालत घरी जाऊ नये म्हणून ती रोज त्यांना न्यायला येई.

"वृषणात केसासारख्या बारीक नळ्या असतात," हुद्दार सांगू लागले. "त्यांत शुक्रपेशी बनतात. एकेक बनायला दोन-अडीच महिने. पण खरी गंमत पुढे आहे. आपलं कोण आणि परकं कोण, हे शरीराची रक्षणव्यवस्था फार लहानपणी शिकून घेते. शुक्रपेशी उगवतात तेराव्या-चौदाव्या वर्षी. तोवर आपल्या-परक्यांची ती वही मिटलेली असते. म्हणजे काय होईल?"

"त्या परक्या ठरतील," पुढची एक मुलगी म्हणाली.

"स्वतःच्याच घरात परक्या! रक्तातल्या शिपायांना दिसल्या की खलास. मग त्या जगतात कशा? नळीच्या कडेने धात्री पेशी उभ्या असतात, खांद्याला खांदा लावून. त्यांची भिंत बनते. ती शिपायांना आत येऊ देत नाही, बऱ्याच औषधांनाही नाही. या धात्री पेशी आतल्या परक्यांना भरवतात. त्यांच्यातल्या मेलेल्यांचा कचरासुद्धा त्याच खाऊन टाकतात. जगात एवढी मायेची भिंत दुसरी नसेल."

केतकीचा हात नकळत डाव्या बरगडीखाली गेला. तिथे कातडीखाली आगपेटीएवढा 'रक्षककोश' होता. बाराव्या वर्षापासून तिला मधुमेह होता. एकोणीस वर्षं ती दिवसातून चार वेळा स्वतःला टोचून घेत होती. बाहेरून घातलेल्या इन्सुलिन-पेशी तिच्या शरीरात टिकत नव्हत्या. शिपाई त्यांना मारत. हुद्दारांना वाटलं, परक्यांना जपणारी भिंत जर आपल्याजवळ आहे, तर ती लेकीला का देऊ नये? गेल्या सप्टेंबरात त्यांनी स्वतःच्या वृषणातला वाटाण्याएवढा तुकडा काढून दिला. त्यातल्या धात्री पेशी वाढवून, इन्सुलिन-पेशींभोवती रचून केतकीच्या बरगडीखाली बसवल्या. सात आठवड्यांत तिची सुई सुटली.

घरी पन्हं पिताना तिला बाबांच्या दंडावर जांभळा डाग दिसला.

"हे काय?"

"स्कूटरचं हँडल लागलं."

"स्कूटर दोन महिने गॅरेजमध्ये आहे, बाबा."

"मग दुसऱ्या कुणाची तरी लागली असेल. अजून पन्हं आहे का, केतू?"

दुसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला आणि एकोणिसाव्या दिवशी ते गेले. रक्ताचा कर्करोग. "दोन-तीन महिने आधी हाती लागला असता तर आशा होती," दवाखान्यातल्या डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी ते सहज, हळहळून म्हटलं होतं. पण तेव्हापासून केतकीला एका जागी बसवेना. ती जेवताना उठे, वाचताना उठे, कुलूप लावलेलं दार पुन्हा तपासून येई.

जुलैत डॉ. हमीद तांबोळींनी तिला प्रयोगशाळेत बोलावलं. ते बाबांचे तीस वर्षांचे सहकारी, तिचे मानलेले काका.

"बस," ते म्हणाले.

"उभीच बरी आहे."

"तुझ्या बापासारखीच हट्टी. ऐक. वृषण ही या रोगाची लपायची जुनी जागा. भिंतीआड औषध पोचत नाही. आपण यशवंताचा तुकडा घेतला तेव्हा चार-दोन रोगी पेशी त्याच्यासोबत आल्या असतील, तर त्या तुझ्या कोशात गेल्या असणार. म्हणून मागच्या आठवड्यात तुझ्या कोशातला रस काढला."

केतकी खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. "सापडल्या?"

"सापडल्या."

"किती?"

"मेलेल्या सगळ्या. नुसते तुकडे, कचरा. जिवंत एकही नाही." तांबोळी हसले, तीन महिन्यांत पहिल्यांदा. "विचार कर. यशवंताच्या शरीराला त्या पेशी आपल्याच वाटल्या, म्हणून त्याने त्या वाढू दिल्या. तुझ्या शरीरात मात्र त्या परक्या. भिंतीआड होत्या तोवर जगल्या. गर्दी वाढली, भिंतीला फट पडली, आणि तुझे शिपाई आत घुसले. त्यांनी रोग संपवला, आणि ते इन्सुलिन-पेशींपर्यंत पोचायच्या आत भिंत पुन्हा जुळली. तुझ्या रक्तात अजून त्या रोगाची खूण ओळखणाऱ्या स्मृतिपेशी आहेत. तू सुटलीस, बाळ."

"हे कधी झालं?" केतकीने विचारलं.

"ते कळायला मार्ग नाही. बाकीचा कचरा धात्री पेशींनी खाल्ला. एवढी लढाई झाली तर ताप यायला हवा, असं मला वाटायचं. तसं असतं तर किती बरं झालं असतं! घेणाऱ्याला ताप आला की देणाऱ्याचं रक्त तपासायचं. रोग महिनोन्महिने आधी सापडला असता. पण कोश बसल्यापासून तू रोज लिहितेस त्या नोंदवहीत एकही दिवस ताप नाही. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, रोज. कोश बसवलेल्या इतरांच्या वह्या आम्ही फोन करून पडताळतो. तुझी पडताळली नाही. आपलीच पोरगी, प्रयोगशाळेतली. तुझ्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर?"

ते संगणकाकडे वळले. "तसंच कोशाच्या सूचनापत्रात लिहितोय, सगळ्या दवाखान्यांसाठी. भिंत फुटली तरी ताप येत नाही. तेव्हा घेणाऱ्याचा ताप साधा समजावा, देणाऱ्याला विनाकारण त्रास देऊ नये. वाशीमच्या त्या शिक्षिकेला कालपासून ताप आहे. तिचा भाऊ बाहेर बसलाय, तिला ज्याने पेशी दिल्या तो. त्याला घरी पाठवतो आता."

काचेतून तो दिसत होता. बाकावर मांडी घालून, बहिणीसाठी आणलेला डबा मांडीवर ठेवून कुणाशी तरी फोनवर बोलत होता. "अगं बाप्पा, सर्दी असेल तिला," तो म्हणत होता, "तू काहून घाबरून राहिली?" धडधाकट, तिशीतला.

केतकीला जानेवारी आठवला. चार दिवस, चारही दिवस एकशे दोनच्या वर. बरगडीखाली ठणका. नियम साफ होता: ताप आला की कोश काढून तपासायचा. आणि सुई सुटून दोनच महिने झाले होते. त्याच आठवड्यात बाबा दिल्लीला तिच्या कोशावरचा निबंध वाचायला निघाले होते. कळलं असतं तर तिकीट फाडून घरी बसले असते. तिने क्रोसिन घेतली, नोंदवहीत चारदा तोच आकडा लिहिला आणि त्यांना स्टेशनवर सोडायला गेली. "डोळे लाल दिसतात गं," ते म्हणाले होते. "जागरण," ती म्हणाली होती.

बाबा गेल्यापासून हा जानेवारी तिच्या मागे लागला होता. कोशाचा आणि त्यांच्या रोगाचा काही संबंध नसेल, असं ती स्वतःला समजावत आली होती. आता ते समजावणं संपलं. हे न बोलता घरी जाता आलं असतं. सूचनापत्रात एक ओळ छापली गेली असती आणि तो माणूस डबा देऊन वाशीमची गाडी पकडायला गेला असता.

तांबोळींचा हात कळफलकावर होता. केतकी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली.

"काका, त्याला जाऊ देऊ नका. आधी त्याचं रक्त घ्या."

"का?"

"ताप येतो." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, पण थांबला नाही. "मला आला होता. जानेवारीत, सहा ते नऊ तारखेला. एकशे दोन. वहीतले ते चार आकडे खोटे आहेत. बाबांनी मला विचारलंसुद्धा होतं, आणि मी त्यांना सांगितलं नाही."