पंच्याण्णव अंश

सोमवार, दिनांक १२ फेब्रुवारी २०२४. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती आणि परभणीतल्या चौथ्या दवाखान्याने राजेश्रीच्या हातात आरोग्य योजनेचे कार्ड परत ठेवले होते. पक्षाघाताने उजवा हात लुळा पडलेल्या आईला, छबूबाईला, सावरत ती पायऱ्या उतरली. शेवटच्या पायरीवर एक तरुण डावा पाय सरळ लांबवून बसला होता आणि कागदावरचे एक नाव रेघ मारून खोडत होता.

“इथंबी न्हाई?” मान वर न करता त्याने विचारले.

“अॅडमिट असलं तरच चालतं म्हणले. नुसत्या व्यायामाला न्हाई.”

“माझं ऑपरेशन कार्डावर झालं. पण गुडघा वाकवून घ्यायचा... ते कार्डात बसत न्हाई.”

तो महारुद्र, पोखर्णीचा वायरमन. दिवाळीत खांबावरून पडलेला. त्याचे सहा दवाखाने झाले होते, तिचे चार, त्यांतले दोन सारखे. त्याने दोन्ही याद्या एकाखाली एक मांडल्या. आठ नकार. उरलेले नाव एकच, पाथरीचा एक धर्मादाय दवाखाना.

“मावशीला उगं एसटीत हादरे कशाला? आधी मी बघून येतो,” तो म्हणाला. “तुमचा नंबर द्या... म्हंजे, कळवायला.”

“कळवायलाच ना?” राजेश्रीने विचारले आणि एकेक आकडा सावकाश सांगितला.

तिसऱ्या दिवशी फोन आला. काठी टेकत, दोन गाड्या बदलून तो जाऊन आला होता. “कार्ड चालतंय. सोमवार न् गुरुवार. व्यायाम घ्यायला निकिता मॅडम म्हणून हायेत.”

मग सोमवार आणि गुरुवार यांनाच आठवडा म्हणायचे दिवस आले. निकिता मॅडम सोसवेल तिथवर गुडघा वाकवत, कोनमापक लावत आणि आकडा मोठ्याने सांगत. पंचेचाळीस. साठ. महारुद्र खाटेची कड घट्ट धरी. पलीकडच्या खाटेवर आईची मिटलेली बोटे उलगडणाऱ्या राजेश्रीकडे तो पाही आणि पकडला गेला की छताच्या पंख्याकडे नजर वळवी.

“पंखा बंद हाय लेका,” एकदा छबूबाई म्हणाली. “लय येळ काय बघायलायस?”

राजेश्री भाकरीसोबत शेंगदाण्याच्या चटणीचा एक छोटा डबा जास्तीचा आणू लागली. त्याने तो कधी मागितला नव्हता. परत मात्र धुऊन-पुसूनच येई.

एप्रिलातल्या एका गुरुवारी बाकावर बसून तो म्हणाला, “मागल्या साली सोयरीक जमली होती. पडलो, तसं त्यांनी विचारलं, पोरगा पाटावर मांडी घालून बसंल का? न्हाई म्हणलं... मोडली.” त्याने काठी बाकाला टेकवून ठेवली. “मांडी जमली की मला तुमाला एक विचारायचंय.”

“किती अंश लागतात मांडीला?”

“एकशे तीसच्या आसपास, मॅडम म्हणत्यात.”

त्या दिवसापासून राजेश्री आकड्यांकडे कान लावून बसू लागली. ऐंशी. नव्वद. पंच्याण्णव. पुन्हा पंच्याण्णव... पुन्हा पंच्याण्णव.

जूनच्या अखेरीस निकिता मॅडमनी कोनमापक मिटून ठेवले. “चालाल, जिना चढाल, खुर्चीत बसाल. मांडी मात्र होणार नाही. खोटी आशा देत नाही मी.”

महारुद्र बाहेर नळापाशी गेला. डबा धुतला, पुसला आणि राजेश्रीच्या हातात दिला. “आता यायचं काम न्हाई मला.”

“विचारायचं होतं, ते?”

“मांडी जमली की, म्हणलो होतो.”

“आन न्हाई जमली, तर मी जन्मभर वाट बघू?” तिने डबा परत त्याच्यापुढे धरला.

“तुमच्या वडलाला काय तोंड दाखवू? नवरदेव खुर्चीत, नवरी खाली पाटावर... मंडपभर लोक तुमच्याकडंच बघतील.”

“नवरी खाली बसंल, असं कुणी सांगितलं तुमाला?”

तो तिच्याकडे पाहत राहिला. नजर वळवायला इथे पंखाही नव्हता.

“विचार की लेका आता,” पायरीवरून छबूबाई म्हणाली. “एसटी निघून जाईल.”

त्याने विचारले.

पुढच्या वर्षी राजेश्रीच्या गावी, पेडगावात, लग्न लागले. छबूबाईने उजव्या हाताने अक्षता टाकल्या. गुडघा पंच्याण्णव अंशांवरच होता.

बोहल्यावर खुर्च्या : दोन.