प्रेसखालचा हात

नागापूरच्या कारखान्यात पहिल्याच दिवशी प्रार्थनाच्या वाट्याला पत्रा दाबून कापणारी पॉवर प्रेस आली. प्रेस धाडकन खाली आली आणि पोरगी अशी दचकली, की स्टुलावरून पडता पडता वाचली. मागून कुणीतरी खांदा सावरला. वळून बघते तर... निळ्या शर्टातला फिटर. हातात पाना, डोळ्यांत हसू.

"भ्या वाटतंय व्हय?"

"छे," ती म्हणाली. स्टूल मात्र तिनं मागे ओढलं.

त्यानं सरळ आपला हात चालत्या प्रेसखाली नेला. समोरच्या सेन्सरनं हात टिपला आणि प्रेस जागीच थांबली. "बघा. माणूस ओळखते ही."

त्याचं नाव कृपादान. तेव्हापासून शिफ्ट सुरू होताना तो रोज यायचा, हात घालून दाखवायचा, काहीतरी थट्टा करून जायचा. प्रार्थनाची मशीनची भीती केव्हाच पळाली होती. पण सांगितलं, तर हा येईल कशाला? म्हणून ती गप्प. आणि आता दुसरंच भय मनात बसलं होतं... एखाद्या दिवशी सेन्सर बिघडला तर? त्याचा हात पुढे गेला की तिची नजर त्याच्यावरून हलायची नाही.

दर शनिवारी सगळ्यांनी गोल उभं राहून एकेका सहकाऱ्याचे आभार मानायचे, अशी मॅनेजर पुष्पावती मॅडमनी पद्धत पाडली होती. बहुतेक जण कँटीनवाल्याचं नाव घेऊन मोकळे व्हायचे. त्या शनिवारी प्रार्थनाचा नंबर आला.

"कृपादानचे आभार... मला धीर यावा म्हणून ते रोज स्वतःचा हात प्रेसखाली घालतात."

बोलून गेल्यावर तिला नियम आठवला. चालत्या मशीनमध्ये हात घालायला सक्त मनाई. मागच्याच वर्षी एकाला त्यापायी घरी बसवलं होतं.

"खरं का रे?" मॅडमचा आवाज चढला नाही, त्याचीच जास्त धास्ती वाटली.

"व्हय, मॅडम."

"केबिनमध्ये ये."

तो आत, ती दाराबाहेर. कौतुक करायला गेले आणि बिचाऱ्याची नोकरी घालवली मी... काचेआड मॅडमचं बोट हलत होतं, त्याची मान खाली होती. अखेर तो बाहेर आला.

"गेली?" तिनं कसंबसं विचारलं.

"राहिली. मेमो मिळाला. पुन्हा हात घातला तर थेट घरी." तो हसायला गेला, पण जमलं नाही. "लई भारी आभार मानले तुमी."

तिला रडूच फुटलं. "मला मशीनची भीती वाटतच नाही हो. केव्हाची नाही वाटत."

"ठावं हाय मला."

"ठाऊक होतं? कसं?"

"तुमी मशीनकडं बघतच नव्हता आताशा..." त्यानं पाना या हातातून त्या हातात घेतला. "माझ्याकडंच बघत हुता."

"मग हात कशाला घालत होता?"

"दुसरं काय निमित्त हुतं माझ्यापाशी?"

प्रार्थनानं आजूबाजूला पाहिलं. अख्खी शिफ्ट त्यांच्याकडेच बघत होती. भीती वाटली, फार वाटली... तरी तिनं तो हात धरला.