ईश्वरीची गाडी पुन्हा तापली

“अहो, टोपण उघडू नका—!”

ईश्वरीचा हात रेडिएटरवर पोहोचलाच होता. बॉनेटमधून वाफ फुसफुसत होती, वरून श्रावणाची भुरभुर चालली होती, आणि ज्यानं तिचं मनगट धरलं त्याचे हात ग्रीसनं काळे झाले होते. बांगड्यांच्या वर चार बोटं उमटली. त्यानं झटकन हात मागं घेतला.

“भाजलं असतं ना... मी अमरसिंह. हे समोरचं गॅरेज माझंच हाय.”

तो श्रावणातला पहिला सोमवार. पाटोद्याचे किराणा व्यापारी शंकरप्पा यांनी नगरच्या एका डॉक्टरांची जुनी गाडी घेतली होती. लेक ईश्वरीचे सोळा सोमवार सुरू झाले म्हणून बापलेक त्या गाडीतून कपिलधारला दर्शनाला निघाले, आणि मांजरसुंब्याच्या फाट्यावर गाडी तापून उभी राहिली.

अमरसिंहानं थर्मोस्टॅट बदलला. दुसऱ्या सोमवारी गाडी तिथंच तापली, तेव्हा पंख्याचा पट्टा बदलला. तिसऱ्या सोमवारी पाण्याचा पंप. ईश्वरी दर वेळी बाकड्यावर बसून जप करायची... आणि डोळे मिटले की नेमके ते काळे हातच दिसायचे. महादेवा, क्षमा कर, ती मनात म्हणायची.

“देवाला काय मागता एवढं?” तिसऱ्या खेपेला त्यानं हळूच विचारलं होतं.

“गाडी नीट होऊ दे म्हणून.”

“लवकर का सावकाश?”

तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून भीतीही वाटली.

चौथ्या सोमवारी ती सारी वाट तापमानाच्या काट्याकडंच बघत होती. फाटा जवळ आला तसा काटा लालावर गेला.

“बास झालं!” शंकरप्पा कडाडले. “हा पोरगा मुद्दाम काम अर्धं ठेवतोय. पाटोद्याच्या समद्या व्यापाऱ्यांना सांगतो, याच्या दारात टेम्पो नेऊ नका.”

अमरसिंहाचं गॅरेज त्याच टेम्पोंवर चालायचं. उघडून वर्षही झालं नव्हतं.

त्यानं रेडिएटरच खाली काढला. उलटा करून जोरात पाणी सोडलं, तशा पांढऱ्या गुठळ्या बाहेर पडल्या. आंबूस वास सुटला. त्यानं एक गुठळी चिमटीत चुरगाळली, हुंगली... आणि ईश्वरीच्या कपाळावरच्या भस्माकडं पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

गाडी वाटेत दगा देऊ नये म्हणून ती दर सोमवारी निघण्याआधी घरच्या पिंडीवरचं तांब्याभर तीर्थ रेडिएटरमध्ये ओतत होती. दूध, मध, साखर, सगळं.

“काय निघालं रे?” शंकरप्पांनी विचारलं.

अमरसिंहानं गुठळ्यांवर फडकं टाकलं. “चूक माझीच हाय, मालक. रेडिएटर पहिल्याच दिवशी खोलायला पायजे होता.”

ईश्वरीला गप्प बसता आलं असतं. पण व्रतात खोटं बोलायचं नसतं, आणि हे गप्प बसणं खोटंच होतं की.

“आप्पा... ते दूध हाय. अभिषेकाचं. मीच ओतत होते.”

“गाडीत?”

“तिला पाणी पाजायचंच, तर देवाचंच पाजावं म्हणलं...”

शंकरप्पांनी डोक्याला हात लावला. मग टोपी काढून अमरसिंहाकडं वळले. “पोरा, मी तुला लबाड म्हणलो. चुकलं माझं.” अन् दुकानात उशीर होईल असं कळवायला ते समोरच्या एसटीडी फोनच्या टपरीकडं गेले.

आता दोघंच उरले. रेडिएटरमधून पाणी ठिबकत होतं.

“सांगितलं कावून?” त्यानं मान खाली घालून विचारलं. “मी निभावून नेलं असतं.”

“तुमचं नाव गेलं असतं.”

“जाऊ द्या की... त्यानं तुमाला काय फरक पडतो?”

समोरून आप्पांचं मोठ्यानं बोलणं ऐकू येत होतं. ते कधीही परत आले असते. तिनं ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं, आणि या वेळी डोळे मिटले नाहीत.

“लई,” ती म्हणाली. “लई फरक पडतो.”