हिरव्या दोन रेघा

शिवकन्येच्या इअरफोनची वायर एका कोकराने खाल्ली, तिथून ही गोष्ट सुरू होते.

हसनाबादच्या शिवारात पाझर तलावाच्या भिंतीलगत एक जुना कडुलिंब आहे. गावात शोधून सापडणार नाही असं ठणठणीत नेटवर्क त्या लिंबाखाली मिळतं. म्हणून पुण्याच्या कंपनीत नोकरी करणारी शिवकन्या रोज सकाळी चटई, पाण्याची बाटली आणि लॅपटॉप घेऊन तिथे येऊन बसायची. त्या सोमवारीही बसली होती. जानेवारीचं कोवळं ऊन, शेजारच्या ज्वारीत वाऱ्याची सळसळ... आणि एकाएकी कानातला आवाज बंद!

तिने वळून पाहिलं. सात-आठ दिवसांचं एक कोकरू डोळे मिटून, मन लावून वायर चघळत होतं.

"अय्या! हे... हे कुणाचं आहे?"

"आमचंच हाय, मॅडम," मागून आवाज आला. "हिसका देऊ नका, त्याचे दात दुखतील."

"आणि माझी वायर?"

"वायरीला कुठं दात हायेत?"

शिवकन्येला राग यायला हवा होता. पण समोर खांद्यावर घोंगडी टाकून उभा असलेला तो उंच, सावळा मुलगा इतक्या गंभीर चेहऱ्याने बोलला होता की तिला हसूच फुटलं. मग तोही हसला, आणि हसताना त्याने मान खाली घातली. बस, एवढंच झालं. पण संध्याकाळी घरी भाकरी थापताना शिवकन्येला ती खाली घातलेली मान उगीचच दोनदा आठवली.

त्याचं नाव गोरक्षनाथ. घरचे गोरख म्हणायचे. भोकरदनच्या कॉलेजातून बी.ए. झालेला, पण वडिलांचा, आबारावांचा पाय मोडला आणि दोनशे मेंढरं त्याच्याकडे आली. मूळचे घनसावंगीकडचे. हिवाळ्यात इकडे येऊन लोकांच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायची आणि आठवड्याने पुढचं गाव धरायचं, असा त्यांचा शिरस्ता. शिवकन्येच्या आजोबांचीही मेंढरं होती म्हणे. पण तिच्या जन्माआधीच विकली गेली, त्यामुळे मेंढरांतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो नवी वायर घेऊन आला आणि लॅपटॉपकडे बघत उभा राहिला.

"हे... काय करून राह्यल्या तुम्ही?"

काय सांगावं याला? तिने सोपं करून सांगितलं. कुठल्या तरी लांबच्या शहरात मोठ्या थंडगार दालनांत हजारो यंत्रं आहेत, ती भाड्याने मिळतात. आपण इथून कोडच्या चार ओळी लिहायच्या, की तिकडे एक ग्रुप तयार होतो, आणि त्याच्या आत आपल्याला हवे ते सर्व्हर, डिस्क, डेटाबेस. "असे चाळीस ग्रुप मला उभे करायचेत. प्रत्येकाला टॅग लावायचा, म्हणजे नावाची चिठ्ठी. मालक कोण, काम कोणतं."

"म्हंजे तुम्ही नुसतं लिहिलं, अन् ते झालं?"

"झालं."

"इथं लिंबाखाली बसून?"

"इथंच."

तो चटईच्या कडेला उकिडवा बसला. "पुन्हा एकदा करा न."

तिने एंटर दाबलं. पडद्यावर एकेक नाव उमटत गेलं... आणि गोरख श्वास रोखून बघत राहिला, जसं पहिल्यांदा रेल्वे बघणारं पोर बघतं. शिवकन्येच्या अंगावर शहारा आला. तीन वर्षं हे काम करूनही एंटर दाबताना दर वेळी तिला असंच व्हायचं. आपण इथे बोट टेकवतो आणि शेकडो कोसांवर काहीतरी जागं होतं! पुण्यात हे कुणाला बोलायची सोय नव्हती, लोक हसले असते. हा हसला नाही.

मग रोजचंच झालं. तो हुरडा आणायचा, ती चहाचा थर्मास. तिची पुण्याची भाषा हळूहळू गळून पडायला लागली.

"तुम्ही एवढ्या शिकलेल्या, मंग गावात कामून राह्यता?"

"पुण्याच्या खोलीच्या खिडकीतून फक्त दुसऱ्या खोलीची खिडकी दिसायची," ती म्हणाली. "पण बघा... कंपनीच्या अर्पिता मॅडमनी सांगून ठेवलंय. हे काम नीट झालं तर मी इथूनच काम करायचं. काही बिघडलं, तर एक तारखेपासून पुण्याला."

"मंग बिघडू देऊ नका," गोरख पटकन म्हणाला, आणि म्हटल्यावर कानापर्यंत लाल झाला.

गुरुवारी तलावावर दुसरा एक कळप आला आणि दोन्हीकडची चारशे मेंढरं एकात एक मिसळली. नुसता धुरळा, नुसतं बेंबें! शिवकन्येने कपाळाला हात लावला. आता हे कसं निवडणार? पण गोरखने जिभेने एक आवाज काढला, काठी आडवी धरली, आणि मेंढरं सरकायला लागली. चुकलेल्याच्या खांद्यावर नजर जायची आणि काठीने ते अलगद वळायचं. हिरव्या दोन रेघा असलेलं त्याचं, ते इकडे; लाल टिळा असलेलं दुसऱ्याचं, ते तिकडे. पंधरा मिनिटांत दोन कळप वेगळे! ती चहा हातात धरून उभीच राहिली. चहा थंड झाला तरी तिला कळलं नाही.

शुक्रवारी दुपारी चार वाजता तिचं काम संपलं. "आता पाच वाजता कंपनीची साफसफाई," तिने सांगितलं. "एक प्रोग्राम सगळीकडे फिरतो. ज्या वस्तूवर मालकाचं नाव नसेल ती बेवारस समजून पुसून टाकतो."

"तुमच्या वस्तूंवर हाय न नाव?"

"चाळीसच्या चाळीस ग्रुपांवर आहे."

"ग्रुपावर न्हाई हो. आतल्यांवर?"

"ग्रुपला लावलं की आतल्यांना आपोआप..."

"हे बराबर वाटत न्हाई," गोरख डोकं खाजवत म्हणाला. "आमचा मेंढरं कोंडायचा जाळीचा वाडा असतो. त्याच्या दाराला हिरवा रंग दिला, तर आतल्या मेंढराच्या खांद्यावर खूण उमटती का?"

शिवकन्या हसली. आणि हसता हसता थांबली.

आधीच्या कामात टॅग आपोआप आत उतरायचे खरे. पण तिथे कुणीतरी तसा नियम लावून ठेवला होता. इथे? तिने घाईघाईने एक ग्रुप उघडला. आतला सर्व्हर, नाव नाही. डिस्क, नाव नाही. तीनशे बारा वस्तू, आणि एकीवरही खूण नाही. तिच्या टीममधल्या अकरा जणांची दोन आठवड्यांची मेहनत तासाभरात पुसली जाणार होती.

"गोरख..." पहिल्यांदाच तिने नुसतं नाव घेतलं. "सगळं चाललं."

"कुठं चाललं? अजून पाच वाजले न्हाईत. लिहा तुम्ही!"

तिने लिहिलं. प्रत्येक ग्रुपात शिर, आतली प्रत्येक वस्तू धर, ग्रुपाची खूण तिच्या अंगावर लाव. साडेचारला एंटर दाबलं, आणि नेटवर्क गेलं.

लॅपटॉपला नेट तिच्या फोनवरूनच मिळत होतं. गोरखने तो फोन दातात धरला आणि सरसर लिंबावर चढला. शेंड्याजवळच्या फांदीवर त्याने हात उंच केला.

"आलं! हलू नका!" शिवकन्या खालून ओरडली.

"हलत न्हाई... मुंग्या चावून राह्यल्या, पण हलत न्हाई!"

पडद्यावर खुणा उमटायला लागल्या. चाळीस... एकशे वीस... दोनशे नव्वद... चार पंचावन्नला तीनशे बारा. पाच वाजता साफसफाईवाला आला, सगळीकडे फिरला आणि कशालाही हात न लावता निघून गेला.

गोरख खाली उतरला तेव्हा त्याचे हात मुंग्यांनी लालेलाल झाले होते. शिवकन्येने ते आपल्या ओंजळीत घेतले. सूर्य तलावाकडे कलला होता, पाणी केशरी व्हायला लागलं होतं, आणि एवढ्या मोठ्या जगात हा माणूस नेमका आपल्याच लिंबाखाली कसा आला, याचं तिला नवल वाटत होतं.

शनिवारी सकाळी अर्पिता मॅडमचा फोन आला. "कामाची पद्धत आवडली. तुला हवं तिथून काम कर." शिवकन्या धावत लिंबाकडे गेली... आणि थबकली. जाळ्या गुंडाळून घोड्यावर लादल्या होत्या. बिऱ्हाड निघालं होतं.

तिने राहण्यासाठी एवढी धडपड केली, आणि जाणारा तर हा होता!

गोरख हिरव्या रंगाची वाटी घेऊन कोकरांवर खुणा करत होता. "आज निघायचं हाय," तो खाली बघूनच म्हणाला. "राजूर, मंग खाली गोदावरीपर्यंत." मग त्याने ते वायर खाणारं कोकरू उचलून तिच्यासमोर ठेवलं. "ह्याला खूण केली न्हाई. हे तुम्ही ठेवून घ्या. तुमची जी असंल ती खूण करा."

"मला कुठूनही काम करायची परवानगी मिळालीय," ती हळूच म्हणाली. "फक्त नेटवर्क लागतं. गोदावरीकडं लिंबाची झाडं असतात न?"

त्याने चमकून वर पाहिलं.

शिवकन्येने वाटीत दोन बोटं बुडवली आणि कोकराच्या खांद्यावर सावकाश ओढली. हिरव्या दोन रेघा.

"ही तर... आमची खूण हाय," गोरख म्हणाला.

"माहितीय मला."

कोकरू उडी मारून कळपात घुसलं. पलीकडे बाजेवर बसलेले आबाराव ओरडले, "गोरख्या, एखादं राह्यलं का रं खुणंचं?"

गोरखने शिवकन्येकडे बघितलं. या वेळी मात्र त्याने मान खाली घातली नाही.

"न्हाई आबा," तो म्हणाला, "सगळी आपलीच हायेत."