गाडी आबाचं नाव विसरली

"मॅडम, भिवा गेला."

फोनवर हवालदार मच्छिंद्र होता. उपनिरीक्षक अर्पिता तौर यांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. भिवा म्हणजे वडीगोद्रीच्या फाट्यावरचा चहावाला. पहाटे हॉटेलापुढं झाडू मारत असताना त्याला गाडीनं उडवलं. उडवणारा थांबला नाही. बऱ्याच वेळानं दूधवाल्याला तो नालीत कण्हताना दिसला, पण दवाखान्याच्या दारातच त्यानं जीव सोडला.

गाडी लगेच सापडली. दिवा फुटलेली पांढरी गाडी अप्पारावांच्या मळ्यात उभी होती, आणि ड्रायव्हर अकिब गोठ्याशेजारच्या खोलीत झोपला होता. लोकांनी त्याला ओढून बाहेर काढलं, मन भरेपर्यंत बदडलं आणि मग पोलिसांच्या हवाली केलं. त्याचा फोन गाडीतच सापडला. चावी फिरवली की गाडीच्या स्क्रीनवर 'अकिबचा फोन जोडला' असं येत होतं. गावाला आणखी काय पाहिजे?

दुपारी ठाण्यापुढं ही गर्दी. पायरीवर अकिबची आई इमामबी डोक्यावरचा पदर ओढून बसली होती. येणारा-जाणारा तिला शिव्या घालत होता. एकजण तर तिच्या पायाजवळ थुंकला.

"परत थुंकलास तर चाटायला लावीन," अर्पिता म्हणाल्या आणि आत गेल्या.

अकिबचा ओठ सुजला होता.

"गाडी तू चालवत होतास?"

"न्हाई मॅडम. सकाळी जालन्याला जायचं व्हतं म्हणून मुक्कामाला राह्यलो. झोपेल व्हतो."

"मग फोन गाडीत कसा आला?"

"माझ्याजवळ नव्हताच. मालकाच्या टोपलीत व्हता."

"कसली टोपली?"

"मालकालाच इचारा. मी सांगितलं तर खोटंच म्हणतेत."

अर्पिता मच्छिंद्रला घेऊन मळ्यावर गेल्या; मागोमाग गावातली माणसंही फाटकापर्यंत आली. फाटकावर 'भुजंगआबा' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. ट्रॅक्टरवर भुजंगआबा, विहिरीच्या कठड्यावर भुजंगआबा, गाडीच्या मागच्या काचेवरही भुजंगआबाच. अप्पारावांचे वडील कधीचे वारले होते. पण जिथं नाव घालायला जागा दिसेल तिथं या घरानं म्हाताऱ्याला बसवलं होतं.

अप्पाराव ओट्यावर पाय पसरून बसले होते. फौजदारीणबाई आली म्हणून त्यांनी पाय काही आवरले नाहीत. शेजारी त्यांचा मुलगा धर्मराज उभा होता. यंदा तो पंचायत समितीला उभा राहणार होता, त्यामुळे कपडे कडक इस्त्रीचे. दारात हातात विळा घेऊन अप्पारावांची बायको नंदाबाई.

"पोरगं फोनवर बोलत असंल," अप्पाराव म्हणाले. "ह्या लोकाईला दुसरं येतं काय?"

"तुम्ही ड्रायव्हरला फोन घेऊन गाडी चालवू देता?"

अप्पारावांना मिरची झोंबली.

"माझ्या घरात? बिलकुल न्हाई! कामावर आला की फोन टोपलीत. लॉक बी लावायचं न्हाई. कुणाचा फोन आला तर आम्ही उचलणार. सुट्टी झाली की घेऊन जा म्हणावं."

"आणि मुक्कामाला असला तर?"

"तरी बी. काल म्या सोताच्या हातानं टाकलाय."

"टोपली कुठं असते?"

"माझ्या खाटंच्या उशाला."

धर्मराज बापाकडं बघून खाकरला. "अण्णा, पहाटं त्यानं गुपचूप काढून नेला असंल."

"कसा नेईल? रात्री मी वाड्याला आतून कडी..."

अप्पाराव मध्येच थांबले. आपण कुणाच्या बाजूनं बोलून राह्यलो, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं.

अर्पिता गाडीत बसल्या आणि चावी फिरवली. स्क्रीन उजळली. वर इंग्रजीत कंपनीचं नाव आलं, खाली अकिबचा फोन. दुसरा कुठलाच फोन नाही.

"धर्मराज, तुमचा फोन या गाडीला जोडलेला होता?"

"कधीच न्हाई. मला त्या भानगडीला वेळ कुठंय? मी मोटारसायकलवर फिरतो."

"फोन द्या."

"कागद हाये का तुमच्याकडं?"

"देता, की पंचांसमोर जप्त करू? फाटकापाशी गाव उभंय. बघू द्या सगळ्यांना."

त्यानं फोन दिला, पण आदळून. अर्पितांनी ब्लूटूथ उघडलं. आधी जोडलेल्या गाडीचं नाव तिथं होतं: भुजंगआबा. त्यावर बोट ठेवलं. 'जोडता येत नाही,' असं फोन म्हणाला.

आता अर्पिता गाडीतून उतरल्या.

"अप्पाराव, ऐका. या स्क्रीनला आपल्याला हवं ते नाव देता येतं. तुमच्या घरानं ट्रॅक्टरला दिलं, विहिरीला दिलं, तसं हिलाही दिलं होतं. ज्याचा फोन गाडीला जोडलेला असतो, त्याच्या फोनमध्ये ते नाव राहतं. तुमच्या मुलाच्या फोनमध्ये आहे. गाडीच्या स्क्रीनवर मात्र आता फक्त कंपनीचं नाव आहे, नव्या कोऱ्या गाडीला असतं तसं."

"मंग?"

"मग असं, की अकिबचा फोन जोडण्याआधी कुणीतरी स्क्रीनची सगळी आठवण पुसली. आपला फोन पुसायचा होता, त्यासोबत आबाचं नावही पुसलं गेलं. अकिबनं उडवलं असतं, तर त्यानं आधी बाकीच्यांची नावं पुसून मग स्वतःचं कशाला लावलं असतं? त्याचा फोन आतून कडी लावलेल्या घरात, तुमच्या उशाला होता. त्याला लॉक नाही. घरातल्या माणसानं तो उचलला, गाडीला जोडला आणि सीटवर टाकून दिला. ही शिस्त तुम्हीच मला सांगितलीत."

धर्मराज ओरडला, "हे सगळं रचेल हाये! त्या बाईचा पैसा खाल्ला का?"

"कुणाचा? पायरीवर बसलेल्या इमामबीचा?"

तेवढ्यात दारातून नंदाबाई म्हणाल्या, "धर्मा, मंग पहाटं गाडीत दिवा लावून काय करून राह्यला व्हता रं? म्या इचारलं, तर म्हन्ला गाणी ऐकतोय."

धर्मराजचे खांदे पडले.

"फोन आल्ता," तो म्हणाला. "कुणाचाय म्हणून स्क्रीनकडं बघितलं, तेवढ्यात भिवा म्होरं आला. माझं तिकीट गेलं असतं, आई."

"तू गाडीत बसून हे पुसत होतास," अर्पिता म्हणाल्या, "तेव्हा भिवा नालीत जिवंत होता. कण्हत होता. तेवढ्या वेळात दवाखाना आला असता."

मच्छिंद्रनं त्याला दंडाला धरलं. अप्पाराव हात उगारून मुलाच्या अंगावर धावले, पण वाटेतच त्यांचा हात खाली आला. ते उकिडवे बसले. "जामीन... वकील बघा कुणीतरी," एवढंच पुटपुटले.

नंदाबाई त्यांच्याजवळून गाडीपाशी गेल्या. हातातल्या विळ्यानं त्यांनी मागच्या काचेवरचं सासऱ्याचं नाव खरवडायला घेतलं. काच करकरत होती. त्यांना कुणीही थांबवलं नाही.