पाय धुण्याचा रविवार

"वेंडेल, धाव रे! आपलं देऊळ जळालं!"

शेरीफचा डेप्युटी वेंडेल कॉम्ब्ज खोऱ्यात पोचला, तोवर त्या इवल्याशा बॅप्टिस्ट चर्चची राख झाली होती. त्याने फावड्याने सगळी राख उपसली. घंटा सापडली, शेगडी सापडली, बिजागऱ्या आणि खिळेसुद्धा सापडले. लाकडाचं मात्र नाव नव्हतं.

"पाय धुण्याची बादलीही गेली?"

"सगळं गेलं, लेकरा," चर्चचे म्हातारे कारभारी, डीकन होझिया प्रूइट म्हणाले. चर्च त्यांच्या आजोबांनी बांधलेलं. येशूने शिष्यांचे पाय धुतले, तसे वर्षातून एका रविवारी मंडळी एकमेकांचे पाय धूत, ती देवदाराची, लोखंडी कड्यांची बादलीही आजोबांच्याच हातची.

संशयित शोधायला लांब जावं लागलं नाही. दारूपायी चर्चच्या मंडळीतून काढलेला डिल स्टॅम्पर महिनाभर बोंबलत होता, "जळो तुमचं देऊळ!" शेरीफने त्याला आत टाकलं.

"तू लावलीस आग?" वेंडेलने विचारलं.

"आठवत नाही बुवा. लावलीही असेन."

"अरे मूर्खा, असं कोर्टात बोललास तर दहा वर्षं सडशील!"

"बाहेर तरी कोण माझी वाट बघतंय?"

सोमवारी खटला उभा राहणार होता.

आदल्या दिवशी पाय धुण्याचा रविवार आला. दरवर्षीसारखी मंडळी जमली, पण यंदा झाडाखाली. मोजून सहा माणसं. होझियाकाका वेंडेलपुढे गुडघ्यांवर बसले. बादली बाहेरून पांढरीशुभ्र होती आणि तिला ताज्या रंगाचा वास येत होता. वेंडेलने पाण्यात पाय घातला, आत पाहिलं, आणि वाकून पुन्हा पाहिलं.

"काका, बादली कुठली ही?"

"उसनी आणली."

"खोटं! बाहेरून रंग फासलात, पण आतली ही एक फळी ओकची आहे, बाकी देवदार. तुम्हीच बसवलीत ती, माझ्यादेखत. राखेत खिळे सापडले, पण बादलीच्या कड्या नव्हत्या. तेव्हाच मला खटकायला हवं होतं. आगीआधीच कुणीतरी ती बाहेर काढली. डिलने दारूसाठी घंटा चोरली असती. बादली तो कशाला वाचवील? आग तुम्ही लावलीत."

म्हाताऱ्याचे हात पाण्यातच थांबले.

"विश्वस्तांनी गुपचूप विकलं होतं रे देऊळ, तंबाखू वाळवायला. आजोबा उपदेश करायचे तिथे पानं टांगणार होते मेले!"

"आणि डिल?"

"म्हटलं, तुरुंगात त्याला दोन वेळ खायला तरी मिळेल."

"दहा वर्षं, काका! लाज नाही वाटली? मग बादलीच कशाला ठेवलीत?"

होझियाकाका रडायला लागले. "पाय कशात धुतले असते आपण?"

ज्याने पाय धुवून घेतले, त्याने उलट धुवायचे, ही रीत. वेंडेल गुडघ्यांवर बसला. त्याने म्हाताऱ्याचे पाय धुतले, पुसले, बुटांच्या नाड्या बांधल्या आणि मग खिशातून बेड्या काढून त्याच्या हातांत घातल्या. बाकीचे चौघे भजन न म्हणताच घरी गेले.

डिल सुटला. पुढच्या रविवारी झाडाखाली तो एकटाच येऊन बसला होता. दुपारपर्यंत दुसरं कुणीच आलं नाही.