नंतरची फळी

वीज येईपर्यंत बसा. कंदिलाच्या उजेडात लाकडाचा रंग कुणालाच खरा दिसत नाही. आत्ता तुम्ही एखादी फळी पसंत केलीत, तर उद्या सकाळी माझ्याच नावानं बोटं मोडाल. तसंही, घरात लाकडाची जमीन करायची तर रंग शेवटी बघायचा. आधी चपला काढून फळीवर उभं राहायचं. पाय नको म्हणाला की विषय संपला. हे मी शाळेत शिकलो नाही. चौथीनंतर मी शाळा सोडली की शाळेनं मला, यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत. लाकूड मला शिकवलं ते एका मिस्त्रीनं.

त्याला सगळे दोनटक्या म्हणायचे. फळी हातात आली की बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायचा, कान लावायचा आणि ती बाजूला ठेवायचा. उजवीकडची फळी जमिनीत जायची, डावीकडची परत वखारीत. माझ्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा शंभरातल्या चाळीस डावीकडे गेल्या. मी तापलो. म्हटलं, लाकूड घ्यायला आलायस की मुलगी बघायला? तो पुढची फळी वाजवू लागला. पावसाळा सरेपर्यंत त्या चाळिसातल्या निम्म्या फळ्या पिळवटून धनुष्यासारख्या झाल्या होत्या. त्या दिवसापासून मी त्याच्यापुढे तोंड उघडलं ते फक्त चहाचं विचारायला.

टेप त्याच्या खिशात असायचा, पण शोभेला. एकदा माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "शेठ, पाच फूट सात."

माझी उंची कशाला हवी, असं मी विचारलं, तर म्हणे डोळ्याला सवय असलेली बरी. रात्री बायकोनं मला भिंतीला उभं करून मोजलं. पाच फूट सात. सुतानंही फरक नाही.

त्याची एक रीत होती. जमीन बसवून पॉलिश वाळलं की त्याच लाकडातली एक फळी घेऊन तो कोपऱ्यात बसायचा. अर्धा दिवस करवत, पटाशी, रंधा. मग ती फळी जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळून, सुतळीनं आवळून घरमालकाच्या हातात द्यायची. "ही नंतरची. घर मागेल तेव्हा उघडा. तोवर नाही."

जास्तीच्या चार फळ्या सगळेच कारागीर ठेवतात. एखादी पुढे खराब झाली तर त्याच लाकडातली हाताशी असावी म्हणून. पण त्या अख्ख्या ठेवतात. हा मात्र कापून, घडवून ठेवायचा.

एका हेडमास्तरांनी त्याच संध्याकाळी गाठ सोडली. फळीच्या टोकाला मनगटाएवढं गोल भोक. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन त्यांनी माझी हजेरी घेतली, की तुमच्या मिस्त्रीनं किडकी फळी गळ्यात मारली. दोन वर्षांनी त्यांच्या स्वयंपाकघरातला पाण्याचा नळ भिंतीत फुटला आणि प्लंबरनं नवा पाइप कोपऱ्यातून, जमिनीतून वर घेतला. तिथली फळी काढावी लागली. तिच्या जागी ती भोकाची फळी बसवली, तर पाइप अंगठीत बोट जावं तसा त्या भोकात गेला. हेडमास्तर माझ्याकडे आले आणि लाकडाचे भाव विचारत बसले. शेवटी, निघताना म्हणाले, "माझं चुकलं." आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले असावेत.

मी मनाची समजूत घातली, की हा अनुभव. पाइप किती जुना आहे हे त्यानं पाहिलं असणार, नवा कुठून येईल हे ताडलं असणार. कारागीर एवढा मोठा असला की माणूस जास्त विचारत नाही.

मग आल्या सिस्टर. वॉर्डात तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या, दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहणाऱ्या. त्यांना झोपायच्या खोलीत आणि बाहेरच्या खोलीत सागवानी जमीन हवी होती. नमुने मांडले तर त्यांनी डोळे मिटले आणि एकेका फळीवर तळवा ठेवत गेल्या. मी म्हटलं, सिस्टर, जरा बघा तरी. त्या म्हणाल्या, "जन्मभर तापलेली कपाळं चाचपली. लाकडाचा ताप नाही का कळणार?"

मिस्त्री शेजारी बसून टकटक करत होता. दुपारपर्यंत प्रत्येक फळी दोघांच्या हाताखालून वेगवेगळी गेली. ताडून बघितलं तर सिस्टरनी नाकारलेली एकही फळी मिस्त्रीच्या उजवीकडे नव्हती. तो उठला आणि त्यानं सिस्टरना हात जोडले. त्यानं कुणाला हात जोडलेले मी तेवढेच पाहिले.

ते लाकूड इतकं सुरेख होतं, की उरलेल्यातून मी माझ्या घराचीही जमीन करून घेतली. एकाच महिन्यात दोन्ही कामं झाली. सिस्टर म्हणाल्या, माझ्याकडे जागा नाही, माझी नंतरची फळी तुमच्या वखारीतच असू दे, तुमच्यावर विश्वास आहे. आमच्या घरचं गुंडाळं मिस्त्रीनं स्वतः माळ्यावर चढून ठेवलं. पुढच्या वर्षी एका दुपारी तो फळीला कान लावून बसला, तो उठलाच नाही.

आता जे सांगतो ते मी बायकोलाही उशिरा सांगितलं. तीन वर्षांनी एका गिऱ्हाइकाच्या कामात त्याच लाकडाची एक फळी कमी पडली. तसं लाकूड कुठेच मिळेना. माझा हात सिस्टरच्या गुंडाळ्याकडे गेला. गाठ सोडली तर आत साधी, सरळ फळी. ना भोक, ना खाच. मला हसू आलं, म्हटलं सिस्टरच्या घरात मिस्त्रीला काहीच दिसलं नाही. फळी देऊन टाकली. सिस्टरना सांगू सांगू म्हणता आठ वर्षं गेली.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलाचा फोन आला. सिस्टर पडल्या होत्या, खुब्याचं हाड गेलं होतं, आता पुढे चाकाची खुर्ची. खुर्ची जावी म्हणून दोन खोल्यांमधलं दार गवंड्यानं आदल्या दिवशी रुंद केलं होतं. त्यात चौकट निघाली, खालची पट्टी फुटली आणि दारात सरळ आडवा खड्डा पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला हॉस्पिटलची बाई घर तपासायला येणार होती. खुर्ची अडखळली तर सिस्टरना घरी सोडणार नव्हते. वृद्धाश्रमात खाट सांगून ठेवली होती, आणि तिथे गेलेलं माणूस परत येत नाही हे मुलालाही ठाऊक होतं.

"आई म्हणते, काळजी नाही, शेठकडे आपली फळी आहे," तो म्हणाला. "आज बसवाल ना?"

मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि वखार धुंडाळली. हल्लीच्या फळ्या जाडीला निम्म्या. माझे सुतार सगळे बाहेरगावच्या कामावर. तुटक्या विटांच्या मापानं नवीन लाकूड कोरायचं तर एक दिवस हवा, आणि माझ्या हाती एक दुपार होती. घरी गेलो, स्टुलावर चढून माळ्यावर हात घातला, हाताला लागलं ते गुंडाळं ओढलं आणि निघालो. आपलं देऊन तरी भागतंय का बघू, एवढंच डोक्यात.

मुलगा किल्ली देऊन हॉस्पिटलात गेला. घरात मी एकटा. आभाळ भरून आलेलं, आणि भिंत फोडताना वायर तुटली म्हणून गवंड्यानं मेन स्विच बंद केलेला. चार वाजताच खोल्यांचे कोपरे दिसेनासे झाले. ओल्या विटांचा वास, आणि त्याखाली, इतक्या वर्षांनीही, मिस्त्रीच्या पॉलिशचा.

बॅटरी जमिनीवर ठेवून मी गाठ सोडली. एक टोक सरळ होतं. दुसरं बॅटरीजवळ नेलं. कड कुरतडलेली, वेडीवाकडी. म्हटलं, माळ्यावर उंदरांनी खाल्ली... संपलं. सिस्टरना मी दोनदा फसवलं.

मग बोट फिरवून पाहिलं. उंदराचे दात असे नसतात. प्रत्येक खाच घासलेली होती, पॉलिश केलेली होती. मी फळी उचलून खड्ड्यावर धरली. भिंतीतून तुटक्या विटा पुढे आल्या होत्या, कालच, हातोडा बसेल तशा. पहिली वीट पहिल्या खाचेत गेली. दुसरी दुसरीत. एक वीट तिरकी चिरली होती, तिच्यासाठी तिरकी चीर होती. फळी आपल्याच वजनानं खाली बसली. हात फिरवला. कुठे सांधा लागेना.

मला आधी भीती वाटलीच नाही, खरं सांगतो. वाटलं की मिस्त्रीच्या पायावर डोकं ठेवावं. अकरा वर्षांपूर्वी, न पडलेल्या हातोड्याचं माप... डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात फळीखाली आवाज झाला.

टक... टक.

पावसाचा थेंब असेल. लाकूड जागेवर बसताना वाजतं, तेही असेल. मी पेर वाकवून फळीवर दोनदा वाजवलं, तो वाजवायचा तसंच. बराच वेळ काही नाही. मग आवाज पुन्हा आला, पण त्या फळीखालून नाही. शेजारच्या. मग त्यापुढच्या. एक एक फळी तपासत तो खोलीभर फिरला... दारापर्यंत गेला... आणि थांबला. मी हत्यारं तिथेच टाकून बाहेर आलो.

सकाळी हॉस्पिटलच्या बाईनं स्वतः खुर्ची ढकलून पाहिली. दोनदा आत, दोनदा बाहेर. पोटातलं पाणी हलणार नाही अशी गेली. तिनं सही केली. मुलानं तिथेच फोन लावला आणि वृद्धाश्रमातली खाट नको म्हणून कळवलं.

सिस्टरनी खुर्ची बरोबर त्या फळीवर थांबवायला लावली. पायातला मोजा काढून तळवा टेकवला. मुलगा औषधं आणायला गेला तशा हळूच म्हणाल्या, "शेठ, ही माझी नव्हे."

मी सगळं कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत.

"मला माहीत होतं. मिस्त्री जमीन झाली त्याच दिवशी म्हणाला होता, तुमची फळी शेठ देऊन टाकतील. देऊ दे. तुम्हाला लागेल ती मी शेठच्या माळ्यावर ठेवलीय."

त्या पुढे म्हणाल्या, "मी विचारलं, मग शेठच्या घराचं काय रे? तर म्हणाला, त्यांचं वेगळं बांधलंय. त्याच्या शेजारीच आहे."

घरी आल्यावर मी स्टूल नाही, शिडी लावली. बॅटरी घेऊन वर चढलो. बायको खालून शिडी धरून विचारत होती, अहो, काय शोधताय? माळ्यावर गुंडाळं नव्हतं. अकरा वर्षांची धूळ होती, बोटभर, आणि त्या धुळीत दोन स्वच्छ जागा. एक छोटी, मी आदल्या दिवशी उचलली तिची. तिला लागून दुसरी, तितकीच ताजी, कडा कापल्यासारख्या.

बायकोला विचारलं, वर कुणी चढलं होतं? ती म्हणाली, कोण चढणार, दिवसभर घरात मीच तर होते.

सवय वाईट. मी टेप काढला आणि दुसरी जागा मोजली. पाच फूट सात.

माझ्या घरातलं सगळ्यात रुंद दार साडेतीन फुटांचं आहे. रोज सकाळी अनवाणी फिरून मी एकेक फळी वाजवून बघतो. अजून तरी जमिनीत सगळं जागच्या जागी आहे. कुठे बसवायची असेल ती, मला माहीत नाही. एवढंच माहीत आहे, की त्या माणसाचं माप चुकलेलं मी आजवर पाहिलेलं नाही.